पोटाचा कौल

शिरगोंडीत पैलवानाला दूध पाजणं हे साधंसुधं काम नव्हतं. रोज एका घराची बारी असायची. ज्या घराची बारी, त्या घरची बाई उजाडता उजाडता म्हशीची धार काढणार, आणि तीही हातानं. गावातल्या सगळ्या म्हशी एव्हाना यंत्रावर पिळल्या जात होत्या, दुधाचा कस धार संपायच्या आधीच मोबाइलवर दिसत होता, म्हशीच्या कानातला बिल्ला तिला ताप आहे की नाही तेसुद्धा सांगत होता. पण तालमीच्या दुधाला यंत्राचा हात लागायचा नाही म्हणजे नाही. मग चरवी पदराखाली झाकून ती बाई तालमीच्या दाराशी येऊन उभी राहणार, आणि पैलवान ते धारोष्ण दूध तिच्या डोळ्यांदेखत, उभ्या उभ्या, एका दमात संपवणार. थेंब उरला तर त्या घराचा अपमान.

हा मान त्या काळी प्रांजल खोत हिच्याकडे होता. ज्या तालमीचा उंबरा बायकांनी ओलांडायचा नाही असा दंडक एके काळी होता, त्याच तालमीत ही पोरगी लहानपणापासून लाल मातीत लोळत होती, आणि आता आजूबाजूच्या गावांतले पोरगेही तिच्याशी जोड धरायला मागेपुढे बघत. तिला घडवलं वस्ताद हिंदुराव मगदूम यांनी. हिंदुराव म्हणजे तोंडानं तिखट माणूस. पोरानं चांगला डाव मारला तर ते गप्प बसत, आणि त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी असं पोरं समजून घेत. कौतुक केलं की पैलवान सुस्तावतो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. त्याहून गाढ विश्वास होता दुधातुपावर.

त्यामुळे गेल्या वर्षी पुण्याच्या निवड चाचणीत प्रांजल हरली तेव्हा त्यांना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पहिल्या फेरीत तिनं समोरच्या मुलीला नुसतं नाचवलं होतं. दुसऱ्या फेरीत मात्र पाय जड झाले, श्वास पुरेना, आणि बघता बघता हातातली कुस्ती गेली. खुराक कमी पडला, हिंदुरावांनी निकाल देऊन टाकला. गावी आल्यावर त्यांनी चरवी वाढवली, वर बदाम घोटलेली थंडाई सुरू केली, थंडाईवर तुपाची धार. या वर्षी चाचणी पुन्हा होती, आणि प्रांजलच्या वयोगटातली ती शेवटची संधी होती. या खेपेला राहिलं की देशाच्या संघाचं दार तिला बंद. हे तिला माहीत होतं, वस्तादांना माहीत होतं आणि दूध घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

अशा ऐन मोक्याला ती गोळी आली.

*

खेळाडूंच्या निवड समितीनं त्या वर्षी नवा नियम काढला होता. चाचणीला येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पोटाचा अहवाल आणायचा. त्यासाठी ‘जठरदूत’ नावाची एक गोळी गिळायची. शहरांत या गोळीचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. शाळेतल्या पोरांचे डबे तिच्या सल्ल्यानं ठरत होते, आणि काही हौशी घराण्यांत तर मुलगी बघायला जाताना पत्रिकेबरोबर पोटाचा नकाशाही मागत होते. शिरगोंडीत मात्र ती पहिल्यांदाच येत होती, आणि तिला घेऊन आल्या होत्या कोल्हापूरच्या डॉक्टर रुक्साना मुल्लाणी.

डॉक्टर मुल्लाणी अंगानं किरकोळ, आवाजानं शांत. तालमीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तळहातावरची गोळी दाखवली. दिसायला औषधाच्या कॅप्सूलसारखीच, जरा टपोरी.

“ही विरघळत नाही,” त्या म्हणाल्या. “तोंडातून जाते आणि यथावकाश बाहेर पडते. मधल्या सगळ्या वाटेवर ती वास घेत जाते म्हणा ना. आपण खाल्लेलं जिथं नीट पचतं तिथं फारसा वायू तयार होत नाही. जे पचत नाही ते तसंच पुढं सरकतं, मोठ्या आतड्यात पोचतं, आणि तिथं राहणारे कोट्यवधी जीवाणू त्याच्यावर तुटून पडतात. ते खाताना हायड्रोजन सोडतात. गोळीला तो कळतो. पोटात प्राणवायू असतो, पुढं पुढं तो संपत जातो, त्यावरून गोळी कुठवर पोचली तेही समजतं. काय खाल्लं, ते कुठं किती वेळ थांबलं, कुठं बिघडलं, सगळं या पडद्यावर उमटतं.”

“म्हंजे पोटात जासूद सोडायचा,” हिंदुराव म्हणाले.

“जासूद म्हणा.”

“आणि त्यो सांगणार आमच्या पैलवानानं काय खायाचं?”

“तो फक्त पोटाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचवतो, वस्ताद. ठरवायचं आपणच.”

हिंदुराव मिशीतल्या मिशीत हसले. नियम होता म्हणून गोळीला त्यांची हरकत नव्हती, पण एक अट त्यांनी घातली. त्या दिवशीचा खुराक रोजच्यासारखाच होणार, त्यात काडीचाही बदल नाही. डॉक्टरांना तेच हवं होतं. त्या दिवशी बारी शेवंताकाकू पाटलांची होती. काकूंची म्हैस गावात नावाजलेली, आणि काकूंचा तोराही म्हशीला साजेसाच. प्रांजलनं आधी गोळी गिळली, मग काकूंसमोर उभं राहून चरवी रिकामी केली, मग थंडाई घेतली आणि मातीत उतरली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडदा उघडून हिंदुरावांसमोर ठेवला. त्यावरची रेघ सुरुवातीला सपाट होती. पुढं एका जागी ती अशी काही उसळली होती की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही काहीतरी बिनसलंय एवढं कळावं.

“हे काय?” हिंदुरावांनी विचारलं.

“हे दूध.” डॉक्टरांनी रेघेवर बोट ठेवलं. “दुधात एक साखर असते. ती आतड्याला जशीच्या तशी शोषून घेता येत नाही, आधी तिचे दोन तुकडे करावे लागतात. ते करणारं एक विकर असतं, म्हणजे पाचक रसातला कामगार समजा. तान्ह्या बाळाच्या पोटात तो भरपूर असतो, कारण त्याचं सगळं जगणंच दुधावर. बाळ मोठं होतं तसा पुष्कळांच्या पोटात हा कामगार कमी कमी होत जातो. काहींच्या पोटात तो जन्मभर टिकतो. प्रांजलच्या पोटात तो जवळजवळ नाहीच. म्हणून दुधातली साखर तशीच पुढं जाते, बरोबर पाणी ओढून घेते, वायू होतो, पोट फुगतं, श्वासाच्या पडद्यावर दाब येतो. त्यात तूप आणि बदाम. स्निग्ध पदार्थ पोटातून हलायला वेळ घेतात. तोवर ही मातीत उतरलेली असते, अंगातलं रक्त हातापायांकडं धावतं, पोटाकडं कोण बघणार? पहिली फेरी जोमानं निघते. दुसऱ्या फेरीत ती समोरच्या मुलीशी लढते आणि स्वतःच्या पोटाशीही लढते.”

हिंदुराव प्रांजलकडे वळले. “काय गं, दूध प्याल्यावर काय होतंय तुला?”

“काय न्हाई, वस्ताद,” प्रांजल खाली बघत म्हणाली.

“बघा. काय न्हाई म्हणतीया.” हिंदुरावांचा आवाज चढला. “बाई, माझं सगळं आयुष्य या दुधावर गेलंय. माझ्या वस्तादानं मला हेच पाजलं. मी पोरांस्नी हेच पाजलं. आन् तुमची ही बोटभर गोळी म्हणतीया दूध वाईट?”

“दूध वाईट असं मी म्हणालेच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दुसरी गोळी काढून त्यांच्यासमोर धरली. “तुम्ही गिळता?”

सगळी तालीम बघत होती. जोर मारणारी पोरं थांबली होती. आता माघार घेतली तर वस्ताद कसले? हिंदुरावांनी गोळी तोंडात टाकली आणि वरून तांब्याभर दूध रिचवलं.

*

त्यांचा अहवाल आला तो आरशासारखा स्वच्छ. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट. एवढं म्हशीचं दूध त्यांच्या पोटात कुठं गेलं याचा मागमूसही नव्हता.

हिंदुरावांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनी तो पडदा तालमीतल्या प्रत्येकाला दाखवला. “म्हातारं झालो तरी पोट बघा. याला म्हंत्यात दुधाची ताकद.”

“खरंय,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या पोटात तो कामगार अजून कामावर आहे. लाखात एखाद्यालाच मिळतं असं नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असंही नाही. तुमच्यासाठी दूध अमृत आहे, वस्ताद. तुमचं पोट तुमच्यापुरतं खरं बोललं. तिचं पोट तिच्यापुरतं खरं बोललं. दोन्ही रेघा एकाच यंत्रानं काढल्यात.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि हात धुवायला नळाकडे गेल्या. हिंदुराव दोन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मघाचा आनंद हळूहळू ओसरला. यंत्र खोटं म्हणावं तर आपली रेघही खोटी. आपली खरी मानावी तर पोरीचीही खरी. कुस्तीत पकड अशी बसावी की सुटायला वावच राहू नये, तशी ही बाई त्यांना धरून गेली होती.

प्रांजल तालमीमागं लंगोटाच्या पट्ट्या वाळत घालत होती. हिंदुराव तिच्यामागं जाऊन उभे राहिले. 

“खरं सांग,” ते म्हणाले. “मी रागावणार न्हाई.”

प्रांजलनं हातातली पट्टी दोरीवर टाकली, सारखी केली, आणि मगच बोलली. “पोट फुगतंय, वस्ताद. कळ येतीया. दूध पिऊन मी आधी मागं पळतो, मग मातीत येतो. कधी कधी ओकून टाकतो.” कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तशी तीही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची.

“कधीपास्नं?”

“पहिल्यापास्नंच.”

“आन् मला सांगितलं का न्हाईस?”

“मला वाटलं सगळ्यांस्नीच असं होतंय. पैलवान व्हायचं म्हंजे हे सोसायचं असतंय. पोरं सोसत्यात, मी न्हाई सोसलं तर म्हणतील पोरीच्या जातीला झेपलं न्हाई.” तिनं पुढची पट्टी उचलली. “आन् सांगायचं कुणाला? दारात काकू उभ्या असत्यात. पहाटं उठून धार काढून आणत्यात. त्यांच्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणवत न्हाई.”

हिंदुराव आत आले आणि आखाड्याच्या कडेला बसले. ही पोरगी रोज सकाळी पोटात कळ घेऊन मातीत उतरत होती. तशा अवस्थेत तिनं जिल्हा जिंकला होता, राज्य जिंकलं होतं, आपल्याहून वजनदार पोरांना चितपट केलं होतं. आणि आपण तिला गेलं वर्षभर काय म्हणत होतो, तर दम नाही. पोट विरोधात असताना ही इतकी लढली, पोट बाजूनं आलं तर काय करील? हिंदुरावांनी आयुष्यात पैलवान पुष्कळ बघितले होते. एवढ्या जिगरीचा दुसरा आठवेना. शेजारी कुणी नव्हतं म्हणून त्यांनी डोळे पुसून घेतले.

*

डॉक्टर मुल्लाणींनी सांगितलेला नवा खुराक ऐकायला अगदीच बिनतोऱ्याचा होता. सकाळी केळं आणि नाचणीची आंबील. सरावानंतर ज्वारीची भाकरी, मुगाचं घट्ट कढण, अंडी, पालेभाजी. दूध प्यायचं नाही, पण रात्रभर नीट लागलेल्या दह्याचं ताक चालेल, कारण विरजणातले जीवाणू दुधातली साखर आधीच खायला लागलेले असतात आणि उरलेली फोडायलाही हातभार लावतात. तूप बंद नाही, पण ते सरावाच्या तोंडावर नको, जेवणात.

खाण्यापेक्षा खाण्याच्या रीतीवर त्यांचा भर जास्त होता. उभ्यानं घटाघटा काही ढोसायचं नाही. मांडी घालून बसायचं, घास चावून चावून खायचा, कारण भाकरीचं पचन तोंडातल्या लाळेतच सुरू होतं आणि दातांचं काम पोटावर ढकललं की पोट त्याचा सूड घेतं. दोन जेवणांच्या मध्ये येताजाता तोंड चालवायचं नाही. पोट आणि आतडं रिकामं झालं की त्यात एक लाट उठते आणि आधीचं उरलंसुरलं झाडून पुढं नेते. घरात झाडलोट चाललेली असताना कुणी पुन्हा पुन्हा चिखलाचे पाय घेऊन आत यावं, तसं मधल्या खाण्यानं होतं.

“आणि आणखी एक,” डॉक्टर म्हणाल्या. “जेवताना तिला बोलायचं नाही.”

“कुणी?” हिंदुरावांनी विचारलं.

“तुम्ही. गोळीत दिसलंय. त्या दिवशी दुपारी जेवताना तिचं पोट मधेच थबकलं होतं. मी पोरांना विचारलं, तेव्हा काय चाललं होतं म्हणून. तुम्ही समोर बसून तिच्या चुका सांगत होता. माणूस धास्तावला की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पचन बाजूला ठेवतं.”

हा बदल सगळ्यांत अवघड गेला, आणि तो प्रांजलला नव्हे. हिंदुरावांची चुका सांगायची वेळच जेवणाची होती. आता ते तिच्या समोर बसत, तोंड उघडत, आठवण झाली की मिटून घेत आणि उगाच मिशी चघळत राहत. तालमीतल्या पोरांना हे बघताना हसू आवरायचं नाही. एकदा तर न राहवून ते जेवण अर्धं टाकून बाहेर गेले, पिंपळाखाली उभं राहून त्यांनी सगळ्या चुका झाडाला सांगितल्या आणि मग शांतपणे आत येऊन बसले.

आणि प्रांजल बदलत गेली. तिच्या चेहऱ्यावरची ओढलेली कळा गेली. सरावाच्या शेवटाला जिथं पूर्वी तिचे खांदे पडत, तिथं आता ती “अजून एक जोड लावा” म्हणू लागली. पोरं दमायची, ती दमायची नाही. नवी गोळी गिळवली तेव्हा तिचीही रेघ सपाट निघाली. हिंदुरावांनी ती रेघ बघितली आणि गप्प राहिले. प्रांजलला त्या गप्प राहण्याचा अर्थ कळला.

पण एक गोष्ट हिंदुरावांकडून झाली नाही. गावाला हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण शेवंताकाकूंसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. तुमच्या हातच्या दुधानं पोरीला त्रास होत होता, हे त्या बाईला सांगायचं कसं? ती विचारेल, माझ्या म्हशीत काय खोट काढली? म्हणून त्यांनी पळवाट काढली. तालमीच्या दाराशी स्वतः उभं राहायचं, चरवी हातात घ्यायची, प्रांजल आत जोर मारतेय म्हणायचं, आणि दूध ज्यांना पचतं त्या पोरांत वाटून टाकायचं. बायका खुशीत परत जायच्या. प्रांजलचं तेज बघून आपापसांत म्हणायच्या, बघा, आपल्या दुधाचा गुण. हिंदुराव ऐकायचे आणि मान हलवायचे. आपण लबाडी करतोय हे त्यांना कळत होतं. चाचणी झाली की सांगू, ते मनाशी म्हणत.

*

चाचणीला अर्धी शिरगोंडी पुण्याला लोटली. विजेवरच्या दोन गाड्या भरून माणसं आली होती. प्रांजल सुरुवातीच्या कुस्त्या सहज काढून शेवटच्या लढतीत आली. समोर तीच मुलगी होती, गेल्या वर्षी जिनं तिला हरवलं होतं. जी जिंकेल ती संघात.

लढतीला थोडा अवकाश होता. प्रांजल मॅटच्या कडेला बाकावर बसली होती, हिंदुराव तिच्या खांद्यांना चोळत होते. एवढ्यात गर्दीतून वाट काढत शेवंताकाकू आल्या. हातात स्टीलचा मोठा थर्मास. त्यांच्यामागं गावातल्या चार बायका.

“गाडीत बसायच्या आधी धार काढली,” काकू म्हणाल्या. त्यांनी झाकण फिरवून थर्मासच्या पेल्यात दूध ओतलं. केशर टाकून पिवळसर झालेलं, वर सायीचा तवंग. “अख्ख्या गावानं तुझं नाव घेऊन दिलंय. घे पोरी. एका दमात.”

प्रांजलनं पेल्याकडे बघितलं, मग काकूंच्या तोंडाकडे, आणि मग वस्तादांकडे. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. वस्ताद म्हणतील ते ती करणार होती. त्यांनी पी म्हटलं असतं तर तिनं तो पेला संपवला असता, कळ पोटात घेऊन मॅटवर उतरली असती आणि एक शब्द बोलली नसती. हे हिंदुरावांना लख्ख दिसलं. तिचा हात पेल्याकडे जायला लागला होता.

“थांब,” हिंदुराव म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मागच्या बायकांनीही.

“काकू, हे दूध तिला पचत न्हाई,” हिंदुराव म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. “कधीच पचत नव्हतं. पोट फुगायचं, कळ यायची, ओकायची. मागल्या वर्षी ती त्यामुळंच हरली. तुमच्या म्हशीत काय खोट न्हाई. तुमच्या मायेत तर न्हाईच न्हाई. चूक माझी. मला पचतंय म्हंजे सगळ्यांस्नी पचायलाच पायजे, असं मी धरून चाललो. आन् गोळीनं दाखवल्यावरबी तुम्हाला सांगितलं न्हाई. गेले कितीतरी दिवस तुमचं दूध मी दारातनं घेऊन दुसऱ्या पोरांस्नी वाटतोय. ती भाकरी आन् मुगावर उभी हाय.”

काकूंचा चेहरा उतरला. त्या पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. मागं ध्वनिक्षेपकावर कुणाची तरी नावं पुकारली जात होती. हिंदुरावांना वाटलं, आता ही बाई थर्मास इथंच उलटा करील आणि गाव घेऊन माघारी जाईल, आणि तसं झालं तरी आपल्याला बोलायला तोंड नाही.

काकूंनी प्रांजलच्या डोक्यावरून हात फिरवला. “एवढं सोसलंस होय गं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर उभी राहून प्यायचीस. मी तुझ्या नरड्याकडं बघत बसायची, थेंब राहातोय का म्हणून. मला येडीला कळलं न्हाई.”  मग त्या हिंदुरावांकडे वळल्या आणि त्यांनी पेला त्यांच्यासमोर धरला. “तुम्हाला पचतंय न्हवं?”

“व्हय.”

“मग तुम्ही प्या. गावाचं दूध परत न्यायचं न्हाई.”

आणि शिरगोंडीच्या बायकांसमोर, समितीच्या लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर वस्ताद हिंदुराव मगदूम उभ्यानं, पेल्यामागून पेला, सगळा थर्मास प्याले. काकू शेवटपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या. प्रांजल तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि तिच्या खांद्यातला उरलासुरला ताण त्या हसण्यात निघून गेला.

लढत सुरू झाली. पहिली फेरी बरोबरीत सुटली. समोरची मुलगी तयारीची होती, आणि तिला गेल्या वर्षीची आठवणही होती. दुसरी फेरी लागताच तिनं वेग वाढवला. आता ही ढेपाळेल, असा तिचा हिशेब होता. प्रांजल ढेपाळली नाही. उलट ती आत आत सरकत गेली. तिचा श्वास हिंदुरावांना बाहेरून ऐकू येत होता, खोल आणि संथ. समोरच्या मुलीचा पाय क्षणभर हलला, तेवढं प्रांजलला पुरलं. तिनं ढाकेचा डाव टाकला. दोघी एकदम हवेत गेल्या आणि खाली आल्या तेव्हा प्रांजल वर होती, आणि त्या मुलीचे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले होते.

शिरगोंडीनं हॉल डोक्यावर घेतला. काकू रिकामा थर्मास उंच धरून नाचत होत्या. पंचांनी प्रांजलचा हात वर केला. ती खाली वाकून मॅटच्या पाया पडली आणि चालत कडेला आली. धापा टाकत वस्तादांसमोर उभी राहिली.  आज गप्प बसून भागणार नव्हतं, एवढं हिंदुरावांना कळत होतं.

“माझ्या उभ्या आयुष्यात मी तुझ्यासारखा पैलवान बघितला न्हाई,” ते म्हणाले.

प्रांजलनं चमकून वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि एकदम हसली. “वस्ताद, मला भूक लागलीया,” ती म्हणाली. “लई भूक लागलीया.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला भूक लागायच्या आधीच कुणीतरी चरवी घेऊन दारात उभं असायचं. हिंदुरावांनी सवयीनं हुकूम सोडायला तोंड उघडलं. केळं आणा, अंडी आणा, आंबील कुठाय. पण शब्द बाहेर पडायच्या आत ते थांबले.

“काय खाशील?” त्यांनी विचारलं.

प्रांजल गोंधळली. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती कपाळावर आठ्या घालून विचार करायला लागली. हिंदुराव तिच्या शेजारी मॅटच्या कडेला मांडी घालून बसले आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत राहिले.